स्पितीच्या वाटेवर मोटारसायकल आणि तंबू: मुक्कामांची आखणी कशी करावी?

पवनाकाठ यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

आम्ही पुण्यातील पाच मित्रमैत्रिणी येत्या सप्टेंबरच्या मध्यावर हिमाचल प्रदेशातील किन्नौर आणि स्पिती हा भाग मोटारसायकलवरून पाहण्याचे ठरवत आहोत. गाड्या चार आहेत. पाचवी मैत्रीण गाडी चालवत नाही, ती आळीपाळीने कुणाच्या तरी मागे बसेल. वरंधा, ताम्हिणी, आंबोली, माळशेज हे घाट आम्ही पावसाळ्यातही केले आहेत आणि राजमाची, भंडारदरा, हरिश्चंद्रगड येथे तंबू ठोकून राहण्याची सर्वांना सवय आहे. हिमालयात गाडी घेऊन मात्र आमच्यापैकी कुणीही गेलेले नाही.

सध्याची आखणी अशी आहे. गाड्या रेल्वेने अंबाल्यापर्यंत न्यायच्या, तेथून मनाली गाठायची, अटल बोगद्यातून पलीकडे जाऊन ग्रांफू आणि बातलमार्गे पहिला मोठा मुक्काम चंद्रताल तळ्यापाशी करायचा, मग कुंझुम खिंड ओलांडून काझ्याला उतरायचे आणि ताबो, नाको, कल्पा असे करत शिमल्याला यायचे. ग्रांफू ते बातल हा सर्वांत खराब रस्ता आहे असे सगळेच सांगतात, म्हणून अंगात दम असताना तो आधी उरकून घ्यावा, असा यामागचा विचार आहे. रेल्वेचा प्रवास वगळता बारा-तेरा दिवस हाताशी आहेत.

खरा वाद तंबूंवरून चालला आहे. दोघांचे म्हणणे असे की, खोलीतच झोपायचे असेल तर एवढ्या लांब जायचे कशाला. रोज नदीकाठी तंबू लावावा, स्वतः स्वयंपाक करावा आणि पैसेही वाचवावेत. उरलेल्या दोघांना दिवसभर गाडी चालवून आल्यावर गरम जेवण आणि गादी हवी आहे. मी मध्ये आहे, आणि आखणीचे कामही माझ्याकडेच आले आहे. आमच्याकडील तंबू सह्याद्रीत वापरण्याजोगे, साधे, एका पदराचे आहेत. ते तिकडे चालतील का, रोज तंबूत राहणे कितपत शहाणपणाचे आहे आणि एकूण आखणीत काही चुकत असेल तर काय, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

खिंडकरी यांचे उत्तर

तंबूचा प्रश्न महत्त्वाचा आहे, परंतु त्याआधी आपण प्रवासाची दिशा उलटी करावी, असे मी आग्रहाने सुचवीन. शिमल्याकडून चढावे आणि मनालीकडे उतरावे.

कारण रस्त्याच्या प्रतीशी निगडित नाही, ते झोपण्याच्या उंचीशी निगडित आहे. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरवर आहे आणि चंद्रताल ४,२५० मीटरच्याही वर. आपल्या आखणीप्रमाणे एका दिवसात सव्वादोन हजार मीटर चढून त्याच रात्री तेथे झोपायचे आहे. सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला असा आहे की, ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जादा काढावी. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे शिमल्यापेक्षाही कमी. त्यामुळे सह्याद्रीतील अनुभव गाडीवरील हातासाठी उपयोगी पडेल, विरळ हवेसाठी त्याचा काडीचाही उपयोग नाही. तरुण आणि तंदुरुस्त माणसाला त्रास होत नाही, हा समज तर आधीच सोडून द्यावा.

शिमल्याकडून गेल्यास चढण आपोआप पायरीपायरीने येते. शिमला सुमारे २,२००, सांगला सुमारे २,७००, कल्पा २,९०० ते ३,००० मीटर, अशा रात्री लागतात. पुढे बहुतेक लोक नाकोला राहतात आणि तेथे एक बारीक अडचण आहे. नाको ३,६०० मीटरच्या वर असल्याने कल्प्याहून एकदम साडेसहाशे मीटरची उडी होते, आणि त्याच्या पुढचे ताबो मात्र ३,२८० मीटरवर, म्हणजे खाली आहे. म्हणून कल्प्याहून पहाटे निघावे, दुपारी नाकोच्या तळ्याकाठी जेवावे आणि झोपायला ताबोला जावे. दिवस मोठा होतो, सुमारे १६५ किलोमीटरचा, पण दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपणे शरीराला मानवते. शिवाय ताबोचा इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेला मठ दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे पाहता येतो. काझा सुमारे ३,६५० मीटरवर आहे. तेथे दोन रात्री राहून ‘की’, किब्बर, लांगझा, हिक्किम, कोमिक ही गावे दिवसा करावीत. कोमिकला आपण साडेचार हजार मीटरच्या वर जाऊन येता आणि रात्री पुन्हा काझ्यात उतरता. एवढे झाल्यावर चंद्रतालची रात्र अंगावर येत नाही.

दुसरे कारण माघारीच्या वाटेचे. उंचीचा त्रास वाढला तर खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय असतो. औषध आणि प्राणवायू तेवढ्यापुरता वेळ मिळवून देतात. चंद्रतालला कुणी आजारी पडले तर काझ्याच्या सरकारी रुग्णालयात जाण्यासाठी आधी कुंझुम चढावी लागते, म्हणजे आजाऱ्याला आणखी वर न्यावे लागते. आणि मनालीकडे उतरायचे तर बातल, छत्रू, ग्रांफू हा दगडगोट्यांचा, ओढ्यांनी भरलेला रस्ता अंधारात काढावा लागतो. एवढ्या अडचणीच्या जागी शरीर तयार नसताना पहिल्याच दिवशी जाऊ नये, ती जागा शेवटाकडे ठेवावी.

मोटारसायकलस्वाराच्या बाबतीत एक खास धोका आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. डोके दुखू लागले की आपण हेल्मेटला दोष देतो, थकवा आला की रस्त्याला, हात बधिर झाले की थंडीला. उंचीच्या त्रासाची सुरुवातीची सगळी लक्षणे गाडी चालवण्याच्या त्रासासारखीच असल्यामुळे ती ओळखायलाच उशीर होतो. म्हणून संध्याकाळी हेल्मेट काढून, पाणी पिऊन, तासभर बसल्यानंतरही डोके दुखत असेल तर ती उंचीची बाधा समजावी आणि त्या माणसाने आणखी वर जाऊ नये. चालताना तोल जाणे, सरळ रेषेत टाचेला पाऊल जोडून चालता न येणे, बसल्या जागी धाप लागणे किंवा खोकल्यातून फेस येणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायला हवे. मागे बसणाऱ्या मैत्रिणीकडे हे लक्ष ठेवण्याचे काम सोपवावे. तिला चौघांचीही तोंडे नीट दिसतात. उंचीचा त्रास टाळण्यासाठी ॲसिटाझोलामाइडची गोळी घ्यावी की नाही, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगावे.

महिना मात्र आपण योग्य निवडला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये स्पितीत पाऊस कमी असला तरी वाटेवरच्या किन्नौरमध्ये दरडी कोसळतात. ११ ऑगस्ट २०२१ रोजी निगुलसरी येथे राष्ट्रीय महामार्ग ५ वर कोसळलेल्या दरडीखाली एसटीसारखी राज्य परिवहनाची बस आणि इतर वाहने सापडून २८ जणांचा मृत्यू झाला होता. जुलै २०२३ मध्ये अवेळी झालेल्या बर्फवृष्टीने चंद्रतालला अडीचशेहून अधिक पर्यटक अडकून पडले होते. सप्टेंबरच्या मध्यावर दोन्ही धोके कमी असतात, संपलेले नसतात. त्यामुळे बारा दिवसांपैकी दोन दिवस कोणत्याही गावाच्या नावावर न टाकता कोरे ठेवावेत.

आता तंबू. माझे स्पष्ट मत असे की ते घरीच ठेवावेत. सात-आठ तास गाडी चालवून संध्याकाळी पाच वाजता पोहोचायचे, तेव्हाच खोऱ्यातला वारा सर्वांत जोरात असतो, त्यात तंबू उभे करायचे, पाणी आणायचे, जेवण शिजवायचे, रात्री थंडीने कुडकुडत अर्धवट झोपायचे आणि सकाळी पुन्हा दरीच्या कडेने गाडी चालवायची, हे रोज करणे म्हणजे झोपेची उधारी वाढवत नेणे आहे. ट्रेकमध्ये अपुऱ्या झोपेची किंमत चाल मंदावण्यात मोजावी लागते, गाडीवर ती वळण चुकण्यात मोजावी लागते. ताबो, काझा, लोसर या सगळ्या गावांत साधे, स्वच्छ होमस्टे मिळतात आणि तेथील जाड रजया कोणत्याही स्लीपिंग बॅगपेक्षा ऊबदार असतात.

मेतकूट यांचे उत्तर

खिंडकरी यांनी दिशेविषयी लिहिलेले शब्दन् शब्द मान्य आहे. तंबूंविषयी मात्र मी असहमत आहे.

रोज तंबूत राहू नये, इथपर्यंत ठीक. पण तंबू घरी ठेवून किन्नौर-स्पितीत जाणे मला पटत नाही, कारण दोन गावांच्या मध्ये दरड आली आणि रस्ता उघडेपर्यंत रात्र झाली, तर ज्याच्याकडे तंबू, स्लीपिंग बॅग आणि एका वेळचे जेवण आहे तो निवांत असतो. बाकीचे अंधारात धोका पत्करून मागे फिरतात. पाच जणांना तीन-तीन माणसांचे दोन तंबू पुरतात. ते रोज वापरण्याची सक्ती ठेवू नये, आणि ज्या दोन-तीन जागी तंबूत राहण्यात खरोखर सुख आहे तेथे संध्याकाळी चारच्या आत पोहोचेल असाच तो दिवस आखावा.

माझ्या मते त्या जागा अशा आहेत. पहिली सांगला खोऱ्यात, रक्छम ते छितकुल या पट्ट्यात, बास्पा नदीच्या आसपास. छितकुल सुमारे ३,४५० मीटरवर असल्याने तंबू रक्छमच्या बाजूला, थोडा खाली लावावा. तेथे झाडी आहे, पाणी आहे, वारा अडतो. दुसरी ताबोला, जेथे सफरचंदांच्या बागा आहेत आणि मालकाला विचारून, रीतसर पैसे देऊन बागेच्या कडेला जागा मिळू शकते. तिसरी पिन खोऱ्यातील मुध गाव. चंद्रतालच्या काठावर तंबू लावण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो काढून टाकावा. २००५ पासून ते रामसर यादीतील, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे, पाणथळ क्षेत्र आहे आणि काठावर मुक्कामाला बंदी आहे. काही किलोमीटर अलीकडे तंबूंच्या छावण्या आहेत, त्यांतच राहावे. सप्टेंबरात तेथे रात्रीचा पारा शून्याखाली जातो आणि त्यांचे जाड तंबू, गाद्या, रजया पाहिल्यावर आपला तंबू गाडीवरून उतरवावासा वाटणार नाही.

आपले एका पदराचे तंबू भंडारदऱ्याला उत्तम, तिकडे नकोत. आतून जाळी आणि बाहेरून जमिनीपर्यंत येणारे आवरण, असा दुपदरी तंबू हवा, नाहीतर श्वासातली वाफ आतल्या बाजूला गोठते आणि सकाळी अंगावर पडते. जमीन खडकाळ असल्याने खुंट्या आत जात नाहीत. प्रत्येक दोरीसाठी डोक्याएवढा दगड लागतो आणि त्याकरिता दोऱ्या नेहमीपेक्षा लांब घ्याव्यात. स्लीपिंग बॅगवर लिहिलेल्या दोन तापमानांपैकी सुखद झोपेचे तापमान पाहावे, जीव वाचेल एवढे तापमान पाहून विकत घेऊ नये. सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते ते खालच्या मॅटकडे. थंडी वरून येते त्याहून जास्त जमिनीतून येते. बॅग भारी आणि मॅट पातळ असेल तर रात्रभर कूस बदलावी लागते.

जागा निवडताना कोरडा ओढा, कितीही सपाट आणि वाळूचा दिसला, तरी टाळावा. ज्या उतारावर सुटे दगड पसरले आहेत त्याच्या पायथ्याशीही राहू नये. ते दगड वरूनच आलेले असतात. स्पितीत लाकूडफाटा जवळजवळ नाही, जे थोडे आहे ते गावकऱ्यांच्या हिवाळ्यासाठी आहे, त्यामुळे शेकोटीचा हट्ट धरू नये. थंडी वाजते म्हणून तंबूत शेगडी पेटवणे तर जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्वयंपाकाचे सांगते, कारण त्यात सगळेच फसतात. चार हजार मीटरच्या वर पाणी साधारण ८६ अंशांना उकळते, त्यामुळे डाळ तासभर उकळली तरी शिजत नाही आणि भात चिकट होऊनही आतून कच्चा राहतो. दोन लिटरचा छोटा कुकर न्या किंवा शिजवण्याची गरजच नसलेले पदार्थ न्या. भाजलेल्या रव्याचे उपम्याचे पीठ, पातळ पोहे, सातूचे पीठ, मेतकूट, गूळपापडी, खाकरे आणि तुपाची छोटी बाटली एवढ्यावर दोन रात्री सहज निघतात. आपल्याकडे सर्रास वापरतात त्या लांबट डब्यांत शुद्ध ब्युटेन असतो आणि पारा शून्याजवळ आला की त्याचा वायूच होत नाही, ज्योत मलूल पडते. आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असलेली, वरून शेगडी फिरवून बसवायची चपटी डबी घ्यावी. ती रेल्वेत आणि विमानात नेण्यास मनाई आहे, म्हणून चंडीगड किंवा शिमल्याच्या गिर्यारोहण साहित्याच्या दुकानात आधी फोनवर चौकशी करून तेथेच घ्यावी.

एक गोष्ट घरगुती मुक्कामांविषयीही. स्पितीतील जुन्या घरांत कोरडे शौचालय असते. त्यात पाणी ओतायचे नसते, माती किंवा राख टाकायची असते, कारण त्याचे खत शेतात जाते. पाण्याची सवय असलेल्या आपल्या मंडळींना हे आधी सांगून ठेवलेले बरे.

पवनाकाठ

आपणा दोघांचे मनापासून आभार. दिशा बदलण्याचा निर्णय आजच झाला. तक्ता समोर ठेवून झोपण्याच्या उंचीचे आकडे लिहिल्यावर कुणाला काही बोलायला जागाच उरली नाही. मेतकूटताई, रोजऐवजी दोन-तीन जागी तंबू हा तोडगा दोन्ही पक्षांना मान्य झाला आहे.

आता गाड्यांविषयी. तीन गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, चौथी जुनी, कार्ब्युरेटरची ३५० सीसीची बुलेट आहे. तिचा मालक ती सोडून दुसरी भाड्याने घ्यायला तयार नाही. पेट्रोलचे डबे किती न्यावेत आणि रेल्वेने गाड्या पाठवताना काय काळजी घ्यावी, हेही कुणी सांगितल्यास बरे होईल.

चेनसॉकेट यांचे उत्तर

बुलेट न्यायला हरकत नाही, पण तिच्या मालकाने काही गोष्टी आधी समजून घ्याव्यात. ४,३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के असतो, त्यामुळे कोणत्याही साध्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. फ्युएल इंजेक्शनची गाडी कमी हवेला कमी पेट्रोल देऊन जुळवून घेते. कार्ब्युरेटर तसे करत नाही. तो पेट्रोल पूर्वीइतकेच सोडत राहतो, मिश्रण घट्ट होते, धूर काळा येतो, प्लग काजळतो आणि चढावर गाडी गुदमरते. त्यावर लोक एअर फिल्टर काढून टाकतात. ते करू नये, तिकडची धूळ थेट सिलिंडरात जाते. निघण्यापूर्वी ओळखीच्या मेकॅनिककडून एक लहान मेन जेट (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणारे छिद्र असलेला भाग) घेऊन तो बदलायला शिकावे आणि काझ्यात बदलावा. मनालीला उतरल्यावर जुना परत घालावा, नाहीतर खाली इंजिन तापेल. काझ्यापासून पुढे बुलेटवर मागे कुणी बसू नये आणि तिच्यावर सामानही कमीत कमी असावे.

सुट्या भागांत प्रत्येक गाडीसाठी क्लच वायर, ॲक्सिलेटर वायर, क्लच आणि ब्रेकच्या लेव्हर, प्लग, फ्यूज आणि चेनची जोडकडी हवी. स्पोकच्या चाकांसाठी पुढची आणि मागची ट्यूब, टायर लिव्हर आणि हवा भरायचा पंप हवा. आणि ट्यूब घरी एकदा तरी स्वतः बदलून पाहावी. ब्रेकपॅड निम्मे झिजले असतील तर नवे घालूनच निघावे. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवावी, इंजिन बंद करून उतरण्याची काटकसर करू नये. सामान बंजीने बांधू नका. खड्ड्यांत ती ताणली जाऊन बॅग चेन सॉकेटमध्ये जाते. बकलचे पट्टे वापरा आणि जड वस्तू खाली, मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे येतील अशा ठेवा. तंबू हलका असतो, तो वर चालतो. कुकर आणि हत्यारे वर नकोत.

पेट्रोल रिकाँगपिओच्या पायथ्याशी पोवारीला टाकी गळ्यापर्यंत भरावी. पुढचा भरवशाचा पंप काझ्यात, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे, आणि काझ्याहून मनालीच्या बाजूलाही चंद्रतालच्या फाट्यासह तेवढेच अंतर आहे. तेरा लिटरची टाकी आणि डोंगरातला पंचवीसचा ॲव्हरेज धरला तरी ते पुरते. रस्ता बंद पडला तर काझ्याला टँकर पोहोचत नाही, म्हणून सगळ्यांत मिळून पाच लिटरचा एक लोखंडी डबा असावा. प्लॅस्टिकची बाटली उंचीवर फुगते आणि झाकणातून गळते.

रेल्वेचे थोडक्यात सांगतो. आपण ज्या गाडीने जाणार त्याच गाडीच्या तिकिटावर सामान म्हणून नोंदवलेली मोटारसायकल आणि नुसती पार्सल म्हणून पाठवलेली मोटारसायकल, हे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिला घ्यावा. पुण्याहून झेलम एक्स्प्रेस अंबाला छावणीला जाते. टाकी पूर्ण रिकामी लागते, कार्ब्युरेटरच्या वाटीतलेही पेट्रोल काढावे, आरसे काढून घ्यावेत, टाकीला आणि दिव्याला गोणपाट व गवत गुंडाळून घ्यावे, आणि आरसी, विमा, ओळखपत्र यांच्या प्रती जवळ ठेवाव्यात. गाडी त्याच डब्यातून येईलच याची हमी तरीही नसते, म्हणून अंबाल्यात एक दिवस हाती ठेवून निघावे. उतरल्यावर पंपापर्यंत ती ढकलत न्यावी लागते, हे बुलेटच्या मालकाला आवर्जून सांगा.

खिंडकरी

मेतकूटताईंनी दरडीत अडकण्याचा मुद्दा मांडला आहे तो योग्य आहे. मी माझे मत तेवढ्यापुरते मागे घेतो. मुधविषयी मात्र पुढे विचारीन.

एकत्र गाडी चालवण्याविषयी कुणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. सर्वांत पुढे रस्ता वाचणारा, सर्वांत मागे हत्यारे आणि औषधे असलेला, आणि सर्वांत नवखा स्वार पुढून दुसरा, असा क्रम ठेवावा. पुढच्याने मागच्याची काळजी घ्यायची, म्हणजे प्रत्येक फाट्यावर आणि प्रत्येक खराब पट्ट्याच्या शेवटी मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचे. असे साखळीने केले की कुणीही एकटा मागे राहत नाही. किन्नौर-स्पितीच्या सीमेवरील सुमदोच्या पुढे कित्येक तास मोबाइलला रेंज नसते, तेव्हा फोन करू या भरवशावर राहू नये. अरुंद चढावर वर येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते, आणि ट्रक असेल तर आपण दरीच्या बाजूला न थांबता डोंगराच्या बाजूला थांबावे.

लोसर ते छत्रू या टप्प्यात रस्त्यावरून वाहणारे ओढे लागतात. जून-जुलैमध्ये बर्फ वितळल्यामुळे दुपारनंतर त्यांना पाणी चढते, म्हणून ते सकाळी लवकर ओलांडा, असे सगळीकडे लिहिलेले असते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात पाणी कमी झालेले असते, पण रात्री गोठलेला पातळ काचेसारखा थर सकाळी रस्त्यावर असतो आणि त्यावर गाडी आडवी होते. म्हणून आपल्या महिन्यात कुंझुमकडे साडेआठ-नऊनंतर, ऊन रस्त्यावर आल्यावर निघावे. ओढा एकेकानेच ओलांडावा, पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता. बाकीच्यांनी बूट भिजवून पाण्यात उभे राहायची तयारी ठेवावी. मागे बसणाऱ्याने आधीच उतरून पलीकडे चालत जावे.

मेतकूटताई, आता मुधविषयी. तेथे ताबोनंतर लगेच राहावे की काझ्याचे दोन दिवस झाल्यावर? उंची साधारण किती?

मेतकूट

मुध सुमारे ३,७७० मीटरवर आहे. ताबोहून थेट गेल्यास वाढ पाचशे मीटरच्या आतच राहते, आणि दुसऱ्या दिवशी काझ्याला येताना आपण थोडे खालीच येतो, त्यामुळे ताबो, मुध, काझा हाच क्रम मी सुचवीन. ताबोला कुणाचे डोके दुखत असेल तर मुध सोडून देऊन तेथेच एक रात्र जास्त काढावी.

ताबोहून काझ्याकडे जाताना अट्टरगूला डाव्या हाताचा पूल ओलांडला की पिन खोऱ्याचा रस्ता सुरू होतो. तेथून मुध सुमारे पस्तीस किलोमीटर आहे. पोहोचल्यावर तंबू उलगडण्यापूर्वी कोणत्याही घरी जागा विचारून घ्यावी. सप्टेंबरात शेतांमध्ये जव आणि मटारची कामे उरकत आलेली असतात, मोकळे दिसणारे वावरही कुणाच्या तरी मळणीसाठी राखलेले असते. ज्या घरची जागा घ्याल त्याच घरी रात्रीचे जेवण सांगावे. भाडे बहुधा कुणी मागत नाही, जेवणाचे पैसे मात्र घेतात, आणि पवनाकाठ यांच्या गटातल्या गादीवाल्या दोघांना त्याच घरात गादीही मिळेल.